सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगर, सिव्हिल लाइन्समध्ये जुने घर पाडून मोठा बंगला बांधणाऱ्यांना आणि बेसा, बेलतरोडी, मनीषनगरकडे लागून असलेले दोन प्लॉट घेऊन एकच घर उभे करणाऱ्यांना प्रश्न एकच पडतो: नकाशा मंजूर व्हायला इतका वेळ का लागतो? असे नकाशे काढणे, मोजणी करून घेणे आणि फाईल मंजुरीपर्यंत नेणे हे आमचे रोजचे काम आहे. आमच्या मते उत्तर सरळ आहे. फाईलमधल्या त्रुटी एकदम कळवल्या जात नाहीत, हप्त्याहप्त्याने कळवल्या जातात. आणि बहुतेक वेळा त्या घराच्या आराखड्यातल्या नसतात, जमिनीच्या कागदांतल्या असतात. म्हणून या पत्रात नियोजन प्राधिकरणांकडे, म्हणजे नकाशे मंजूर करणाऱ्या संस्थांकडे, एक मागणी करतो आणि घर बांधणाऱ्यांनी अर्जाआधी काय तपासून घ्यावे तेही लिहितो.

आधी कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली बांधकाम परवानगीचा अर्ज होतो आणि कलम ४५ खाली त्यावर निर्णय होतो. निर्णयाला ६० दिवसांची मुदत आहे. लोक एवढेच वाचतात आणि ६१ व्या दिवशी परवानगी मिळाली असे धरतात. पण कलमात पुढे असेही आहे की प्राधिकरणाने काही माहिती किंवा कागद मागवला असेल, तर अर्जदाराचे उत्तर मिळाल्यापासून ६० दिवस मोजायचे. अर्जाची तारीख आणि उत्तराची तारीख यांतली जी नंतरची, ती धरायची. पहिल्या पत्रात मोजणीची प्रत मागितली, ती दिली. दुसऱ्या पत्रात रस्त्याच्या रुंदीचा पुरावा मागितला, तोही दिला. तिसऱ्यात शेजारच्या प्लॉटच्या नियमितीकरणाबद्दल विचारले. दर पत्राला घड्याळ पुन्हा शून्यावर येते. त्या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी फाईल उघडणाऱ्याला दिसत होत्या.

मानीव परवानगीच्या, म्हणजे मुदत उलटली की परवानगी मिळाली असे मानण्याच्या, भरवशावर खोदकाम सुरू करणाऱ्यांनाही सावध करायला हवे. मुदत उलटली तरी नियमावलीशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावालाच मानीव परवानगीचा आधार मिळतो. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत सोडायची मोकळी जागा, एका बाजूला अर्धा फूट कमी पडले तरी ते बांधकाम अनधिकृत ठरते आणि कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अटी घातल्या गेल्या, तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. त्याची मुदत ४० दिवसांची आहे, आणि कार्यालयात चकरा मारण्यात ती निघून जाते.

आता फाईल नेमकी कुठे अडते ते पाहू. पहिला अडथळा म्हणजे अर्ज कोणाकडे करायचा हेच ठाऊक नसणे. नागपुरात महानगरपालिका आहे, १९३६ च्या कायद्याने आलेला नागपूर सुधार प्रन्यास आहे आणि शहराच्या भोवतालच्या भागासाठी २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. काही वस्त्यांचे अधिकार शासनाच्या निर्णयांनी इकडून तिकडे जात राहिले. त्यामुळे ‘शेजाऱ्याने तिथूनच पास केला होता’ हा पुरावा धरू नये. मौजा, खसरा क्रमांक आणि प्लॉट क्रमांक देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. जागा कोणत्या झोनमध्ये आहे, तिच्यावर आरक्षण आहे का, विकास योजनेतला रस्ता प्लॉटमधून जातो का, हे त्या दोन कागदांत कळते. हे दाखले प्लॉटचा सौदा होण्याआधी काढलेले बरे. आरक्षणाचा कोपरा प्लॉटमध्ये शिरलेला असेल, तर तो मंजुरीच्या वेळी कळून काही उपयोग नसतो.

दुसरा अडथळा मालकीच्या कागदांचा. जुन्या शहरात आखीव पत्रिका (शहरी जागेचा मालकीचा उतारा) लागते, बाहेर सातबारा आणि फेरफार. जमीन नझूलची, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेली, असेल तर भाडेपट्टा चालू आहे का, त्याचे नूतनीकरण झाले आहे का, वापर निवासी आहे का, हे आधी बघावे. सिव्हिल लाइन्स आणि जुन्या वस्त्यांमधले कितीतरी भव्य भूखंड याच एका कागदापाशी थांबतात. सुधार प्रन्यासाच्या लीजवरचा प्लॉट असेल तर लीजधारकाचे नाव आणि अर्जदाराचे नाव एकच हवे. वडील गेल्यावर मुलांची नावे चढलेली नसतील, तर आधी वारस नोंद आणि मग नकाशा, हाच क्रम ठेवावा. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन नजराणा भरावा लागतो.

शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचा, मुद्दा येतो. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली ज्या ले-आऊटचे नियमितीकरण झाले, त्यातल्या प्लॉटला नियमितीकरण पत्र मिळते. नागपुरात सगळे त्याला आरएल (रेग्युलरायझेशन लेटर) म्हणतात. ‘५७२ मधला ले-आऊट’, ‘१९०० मधला ले-आऊट’ अशी नियमितीकरणाच्या यादीवरून पडलेली ओळख प्लॉट विकताना अभिमानाने सांगितली जाते, पण ती ओळख आरएलची जागा घेऊ शकत नाही. ले-आऊट यादीत असतो आणि त्यातला तुमचा प्लॉट मात्र नियमित झालेला नसतो, कारण विकास शुल्क भरलेले नसते, किंवा तो मूळ आराखड्यात खुल्या जागेत दाखवलेला असतो. आरएलवरची लांबी-रुंदी, विक्रीपत्रातली लांबी-रुंदी आणि चतुःसीमा शब्दन् शब्द जुळवून पाहाव्यात. विक्रीपत्रात ‘पूर्वेस रस्ता’ आणि आरएलमध्ये ‘पूर्वेस प्लॉट क्र. १४’ असे निघाले, तर फाईल परत येणारच.

अकृषिक परवानगीबद्दल अजूनही गैरसमज आहे. जमीन महसूल संहितेतल्या कलम ४२-अ ते ४२-ड या सुधारणांनंतर, अंतिम विकास योजनेतल्या निवासी झोनमधल्या वर्ग १ च्या जमिनीला वेगळ्या एनए (अकृषिक) आदेशाची गरज राहिलेली नाही. जमिनीच्या वापराबदलापोटी लागू असलेली रक्कम भरल्याचा पुरावा मात्र लागतो. ती पावती फाईलला जोडली नाही, तर त्रुटीच्या पत्रात पहिली ओळ तिचीच असते.

तिसरा अडथळा मोजणीचा, आणि इथे जरा थांबून बोलले पाहिजे. प्लॉट कंपाउंडमध्ये आहे म्हणजे त्याची हद्द पक्की आहे असे नाही. भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्यावी. नियमावलीचा साधा हिशेब असा की मालकीच्या कागदातले क्षेत्र आणि जागेवर मोजलेले क्षेत्र यांत फरक पडला, तर कमी असेल ते धरले जाते. म्हणजे विक्रीपत्रात ६,००० चौ. फूट आणि मोजणीत ५,८५० आले, तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम, ५,८५० वर. ५,८५० लिहिलेले आणि मोजणीत ६,००० आले, तरी ५,८५० वरच. नकाशा विक्रीपत्राच्या मापांवर काढला आणि मोजणी नंतर आली, तर सगळी सामासिक अंतरे सरकतात आणि नकाशा पुन्हा काढावा लागतो.

खात्याची मोजणी होण्याआधी घरमालकालाही एक तपासणी करता येते. नुसत्या चार बाजू मोजू नका, दोन्ही कर्ण मोजा. ४० बाय ७५ फुटांचा प्लॉट काटकोनात असेल तर प्रत्येक कर्ण ८५ फूट भरतो. एक ८६ आणि दुसरा ८४ निघाला तर चारही बाजू बरोबर असूनही प्लॉट तिरका आहे, आणि त्यावर काटकोनात काढलेले घर कुठल्या तरी कोपऱ्यात सामासिक अंतर खाणार. जोत्याच्या, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याच्या, तपासणीत हेच पकडले जाते, तेव्हा कॉलम उभे असतात.

मोजणीच्या दिवशी लगतच्या धारकांना नोटीस गेलेली असावी आणि शक्य तर ते हजर असावेत. शेजाऱ्याची भिंत सहा इंच आत निघाली तर तिथेच दोघांच्या सहीने काय ते ठरते. नंतर तोच वाद तक्रार अर्जाच्या रूपाने फाईलमध्ये येतो.

रस्त्याची रुंदी हा चौथा अडथळा, आणि फार थोड्या लोकांच्या तो लक्षात येतो. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. नागपूरसारख्या महानगरपालिकेत मूळ एफएसआय १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर तेवढ्यावरच थांबावे लागते. ९ ते १२ मीटरच्या आत असेल तर अधिमूल्य (जादा शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआरने, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क वापरून, ०.४० मिळून २.०० पर्यंत जाता येते. याशिवाय निवासी वापराला अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत आनुषंगिक क्षेत्र, म्हणजे या एफएसआयवर आणखी बांधकाम, घेता येते. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर, म्हणून ‘तीस फुटी रोड’ असलेला माणूस निर्धास्त असतो. पण दोन्ही बाजूंच्या कंपाउंडच्या भिंती थोड्या थोड्या पुढे आल्या की टेप ८.८० दाखवतो. मंजूर ले-आऊटची प्रत जोडून रस्ता कागदावर ९ मीटरचा आहे हे दाखवावे, आणि आपली भिंत पुढे आलेली असेल तर ती मागे घ्यायची तयारी नकाशातच दाखवावी. रस्ता रुंदीकरणात जागा जात असेल तर ती सोडून त्या क्षेत्राचा एफएसआय त्याच प्लॉटवर वापरता येतो. हे माहीत नसल्याने लोक उगाच भांडतात.

एका कुटुंबाच्या घराला इतका एफएसआय कशाला लागतो, असे कोणी म्हणेल. ६,००० चौ. फूट म्हणजे ५५७ चौ. मी. च्या प्लॉटवर १.१० ने ६१३ चौ. मी., साधारण ६,६०० चौ. फूट मिळतात, आनुषंगिक धरले तर ते ९८० चौ. मी. पर्यंत जातात. आज ते पुरते. पण मुलांसाठी पुढे वरचा मजला काढायचा विचार असेल, तर रस्ता ९ मीटर आहे की नाही हे आजच कागदावर पक्के करून ठेवणे शहाणपणाचे. पाया आणि कॉलमही त्या मजल्याच्या हिशेबाने काढून संरचना अभियंत्याच्या दाखल्यात तसे लिहून घ्यावे.

एफएसआय मोजण्याची पद्धतही आता बदलली आहे. पूर्वी बाल्कनी, जिना वेगळे धरले जात. यूडीसीपीआरमध्ये प्रत्येक मजल्याची बाहेरची बांधीव कड, म्हणजे पी-लाईन, आखायची आणि तिच्या आतले सगळे मोजायचे: भिंती, जिना, बाल्कनी सगळे. पार्किंग, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन रूम, जिन्याची टोपी हे बाहेर राहते. मोठ्या घरात चारही बाजूंनी रुंद गच्च्या आणि बाल्कन्या हव्या असतात. त्या जुन्या सवयीने काढल्या की क्षेत्रफळाचा तक्ता जुळत नाही. तळघराचेही तसेच: पार्किंग, पंप, टाक्या दाखवल्या तर ठीक, पण त्याच जागेत होम थिएटर आणि जिम आखले की ते क्षेत्र मोजले जाते. नकाशात ‘स्टोअर’ लिहायचे आणि पडदा लावायचा, असे करू नका. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर वापरायच्या परवानगीच्या, तपासणीत ते उघडे पडते.

दोन प्लॉट जोडून घर बांधणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो, कारण सगळ्यात जास्त फायली इथेच अडकतात. दोन प्लॉटच्या मधल्या हद्दीवर घर उभे करायचे तर आधी एकत्रीकरण मंजूर हवे. दोन्ही प्लॉटची मालकी एकाच नावाने किंवा त्याच संयुक्त नावांनी असावी. एक प्लॉट नवऱ्याच्या आणि दुसरा बायकोच्या नावावर असेल तर आधी दोघांची नावे दोन्हीकडे लावून घ्या. दोन्हींचे आरएल हवे आणि दोन्हींचा कर भरलेला हवा. एका प्लॉटवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हवे. मोजणी जोडलेल्या क्षेत्राची करून घ्या. दोन वेगळ्या ‘क’ प्रती शेजारी ठेवल्या तर मधल्या रेषेत हमखास फट निघते किंवा हद्दी एकमेकींवर चढतात.

एकत्रीकरणाने नियमही बदलतात, आणि हे ऐनवेळी कळून चालत नाही. १,५०० चौ. फुटांपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची प्रक्रिया अगदी सोपी आहे आणि ३,००० चौ. फुटांपर्यंत दहा दिवसांत मंजुरीची सोय आहे. ३,००० चे दोन प्लॉट जोडले की ५५७ चौ. मी. होतात आणि ती सवलत जाते. शिवाय प्लॉट ५०० चौ. मी. च्या पुढे गेल्याने पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण बंधनकारक होते, जे एका प्लॉटला नव्हते. ते केले नाही तर दर १०० चौ. मी. बांधकामामागे वर्षाला १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मि.मी. पाऊस पडतो, ३०० चौ. मी. च्या गच्चीवरून गळती-बाष्पीभवन वजा जाता अडीच लाख लिटरच्या वर पाणी मिळते. पण काळ्या मातीत नुसता खड्डा खणून डबर, गिट्टी आणि रेती टाकली तर पाणी तुंबून राहते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, किंवा गाळणीतून बोअरवेलला जोडावा, आणि तसा छेद नकाशात दाखवावा.

काळी माती पायालाही त्रास देते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मोठ्या दालनांच्या, लांब बीमच्या घरात एक कॉलम थोडा जरी हलला तरी काच आणि संगमरवर आधी तडकतात. मातीचा अहवाल निदान दोन-तीन ठिकाणी बोअर घेऊन करावा, पाया कठीण मुरुमावर किंवा खडकावर टेकवावा. नागपूर भूकंपाच्या कमी धोक्याच्या विभाग २ मध्ये आहे, पण वाऱ्याचा मूळ वेग भारतीय मानकात सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. उंच काचेच्या भिंती आणि पुढे झेपावलेल्या पत्र्याच्या छतांचे गणित त्यावर करायला हवे. हे सगळे संरचना अभियंत्याच्या दाखल्यात लिहून मिळावे. नुसती सही-शिक्का असलेला कोरा नमुना घेऊ नका.

जोत्याच्या उंचीबद्दल नियम सभोवतालच्या जमिनीपासून किमान ३० सें.मी. मागतो. नागपुरात ते पुरत नाही. सिमेंट रस्ते झाले आणि कित्येक वस्त्यांत रस्ताच घराच्या वर गेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरले, ते कोणी विसरलेले नाही. जोत्याची पातळी रस्त्याच्या माथ्यापासून मोजून छेदात लिहावी. रस्ता अजून डांबरी असेल तर पुढे त्यावर सिमेंटचा थर येणार हे धरून. नदी-नाल्याला लागून प्लॉट असेल तर पूररेषेचा दाखला पाटबंधारे खात्याकडून अर्जाआधीच घ्यावा. तळघर काढायचेच असेल तर त्याचा रॅम्प रस्त्याकडे उतरता ठेवू नये. तोंडाशी आधी उंचवटा घ्यावा आणि मग उतार.

बाकीचे दाखले प्लॉटच्या जागेप्रमाणे लागतात. सोनेगावच्या विमानतळामुळे शहराच्या बऱ्याच भागांत उंची समुद्रसपाटीपासून धरली जाते. दोन-तीन मजली बंगला विमानतळाभोवतीच्या उंचीच्या मर्यादा दाखवणाऱ्या रंगीत झोन नकाशातल्या मर्यादेत सहसा बसतो, पण त्यासाठी जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखल्यासह द्यावी लागते. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचे ना-हरकत पत्र लागते. वारसा यादीतली वास्तू किंवा परिसर असेल तर वारसा संवर्धन समितीकडे जावे लागते. वीजवाहिनीबाबत मात्र कुठेही ढिलाई नको. ११ केव्हीच्या तारेपासून आडवे अंतर १.२ मीटर, ३३ केव्हीपासून २ मीटर आणि दोन्हींना उभे अंतर ३.७ मीटर ठेवायचे. आणि ते भिंतीपासून न मोजता बाल्कनी किंवा छज्ज्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचे. या शहरात घरालगतच्या हायटेन्शन तारांनी मुलांचे जीव गेले आहेत आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतलेली आहे.

जुन्या बंगल्यांच्या आवारात कडुनिंब, आंबा, चिंच अशी मोठी झाडे असतात. प्रत्येक झाड खोडाच्या घेरासह जागेच्या नकाशावर दाखवावे. तोडायचे असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ५० वर्षांपुढच्या झाडाला आता वारसा वृक्षाचा दर्जा आहे. झाड नकाशात न दाखवता काम काढले तर तक्रार शेजारीच करतात. आमची तर विनंती आहे की घर झाडाभोवती फिरवा. सहा हजार फुटांच्या प्लॉटवर ते जमते.

खर्चाचा अंदाज आधी न बांधल्यानेही फाईल पडून राहते, कारण मागणीपत्र निघते आणि पैसे तयार नसतात. विकास शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे शासनाच्या दरतक्त्याच्या, जमीन दरावर लागते: निवासी वापरासाठी जमिनीच्या विकासाला अर्धा टक्का आणि बांधकामाला २ टक्के. समजा दर चौ. मीटरला ३०,००० रुपये आहे, प्लॉट ५५७.४ चौ. मी. आणि बांधकाम ६०० चौ. मी. म्हणजे ८३,६१० अधिक ३,६०,०००, असे ४,४३,६१० रुपये. मेट्रोसाठीचे वाढीव शुल्क लागले की ते दुप्पट, ८,८७,२२०. त्यावर छाननी शुल्क, बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर, अनामत रकमा आणि घेतला असेल तर जादा एफएसआयचे अधिमूल्य, जे जमीन दराच्या ३५ टक्क्यांनी मोजतात. रेडीरेकनर १ एप्रिलला बदलू शकतो, त्यामुळे मार्चमध्ये पडून राहिलेली फाईल महाग पडू शकते.

मंजुरी मिळाली म्हणजे संपले असेही नाही. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्ष चालते, वर्षावर्षाने नूतनीकरण करून एकूण चार वर्षे. मुदतीत जोत्यापर्यंत काम झाले तर नूतनीकरणाची गरज राहत नाही. जोते झाल्यावर तपासणी करून घ्या आणि तो कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठ्या घरात मालकाचे मन कामाच्या मध्यात बदलते: खिडकी मोठी, जिना दुसरीकडे, मागे एक खोली वाढवू. बाहेरची रेषा किंवा क्षेत्र बदलणार असेल तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा. नव्या कामाला लाल, पाडायच्या भागाला पिवळ्या रेघा, ही पद्धत तिथेही पाळावी. घरात लिफ्ट असेल तर लिफ्ट निरीक्षकाकडून बसवण्याची परवानगी आणि चालवण्याचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. दुसरा विसरला जातो आणि भोगवटा प्रमाणपत्र त्यापायी थांबते.

घरमालकाने आणि आमच्यासारख्यांनी करायचे ते एवढे. हे सगळे नीट जोडलेली फाईल गेली तरी त्रुटी तुकड्यातुकड्यांनीच येणार असतील तर मेहनत वाया जाते. म्हणून महानगरपालिका, सुधार प्रन्यास आणि महानगर प्राधिकरण या तिघांनीही मालकी, जागा आणि नकाशा यांची छाननी एकाच वेळी करावी आणि जे काही कमी असेल ते एकाच पत्रात, नियमाच्या क्रमांकासह कळवावे. दुसऱ्या पत्रात फक्त अर्जदाराच्या उत्तराविषयी विचारले जावे. नवा मुद्दा काढायचाच असेल तर तो पहिल्या वेळी का निघाला नाही, हे वरिष्ठ अधिकाऱ्याने फाईलवर सहीनिशी लिहावे. झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात. प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचे फलक नगररचना विभागाच्या दारावर वाचता येतील असे लावावेत. आणि मंजूर ले-आऊटचे नकाशे, रस्त्यांच्या रुंदीसह आणि कोणत्या प्लॉटला आरएल दिले त्या नोंदीसह, स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावेत. हे नकाशे कार्यालयातच आहेत. ते उघड झाले तर प्लॉट घेणारा माणूस सौद्याच्या आधी स्वतः बघू शकेल, आणि छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही रस्त्याच्या रुंदीचा पुरावा अर्जदाराकडून मागवत बसावे लागणार नाही.

आपले,
नागपुरातील काही वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते व मोजणीकार